पयले इथं कार्ड होतं

‘ताई, पयले इथं कार्ड होतं ना?’ तुबानं एवढंच लिहून पाठवलं होतं. पौर्णिमानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोबाइल फरशीवर पालथा ठेवून दिला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. अमरावतीतल्या त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत, जुन्या चादरीवर, तिचा कॉम्प्युटर एका कुशीवर निजवलेला होता. पत्र्याचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं, चार स्क्रू स्टीलच्या वाटीत, आणि ती स्वतः मांडी घालून समोर बसलेली. दहा वर्षं ज्याच्यापुढं बसून तिनं पोट भरलं त्या डब्याचं पोट ती आज पहिल्यांदा पाहत होती. आतून तो तिला वाटला होता त्यापेक्षा रिकामा निघाला. एवढ्या मोठ्या डब्यात बरीचशी जागा नुसती हवेचीच होती, आणि त्या हवेत खाली करडा, मऊ, गोधडीतल्या कापसासारखा धुळीचा थर साचला होता.

तुबा अकोल्याची. लग्नातल्या बायकांच्या बाजूचं शूटिंग करते. निकाहाला, मेंदीला, बिदाईला जिथं पुरुष कॅमेरावाला चालत नाही तिथं तुबा जाते, आणि तिनं घेतलेलं चित्रीकरण कुण्या पुरुषानं पाहू नये अशी घरच्यांची अट असते म्हणून ते एडिटिंगला पौर्णिमाकडं येतं. पाच वर्षं झाली, दोघींचं असं जमलं होतं. अकोला, कारंजा, तेल्हारा, अचलपूर, कुठल्या कुठल्या घरांतल्या आतल्या खोल्या पौर्णिमाच्या पडद्यावरून जायच्या. कुणाची आत्या रुसलेली, कुणाची बहीण पदर तोंडाशी धरून हसणारी, नवरीच्या कानामागं मेंदीचा चुकून लागलेला ठिपका. त्या बायकांना ती नावानिशी ओळखायची. तिला त्यांच्यातली एकही ओळखत नव्हती. आता तुबानं नवा कॅमेरा घेतला होता आणि त्याच्या फाइली पौर्णिमाच्या कॉम्प्युटरला पेलवत नव्हत्या. चित्र अडकायचं, आवाज पुढं निघून जायचा. ‘ताई, ग्राफिक्स कार्ड लागन,’ तुबा फोनवर म्हणाली होती. ‘माझ्याकडं जुनं पडून हाये, मी नवं घेतलं ना, ते घेऊन जा तुमी. पण तुमच्या पीसीत बसते का ते पयले पाहा. नाई बसलं तर मंग मले नागपूरवाल्यायले काम द्या लागन. मी काय करू, सीझन डोक्यावर हाये.’ तिचा आवाज खरंच अवघडलेला होता. मग तिनंच सांगितलं काय काय पाहायचं ते: पॉवर सप्लायवर किती वॅट लिहिले आहेत, लांबुळका स्लॉट आहे का, स्लॉटपासून समोरच्या जाळीपर्यंत किती जागा मोकळी आहे, आणि सहा छिद्रांचा काळा जोड असलेली एखादी वायर शिल्लक आहे का.

पौर्णिमानं सगळं नीट पाहिलं होतं. पॉवर सप्लायवरचा कागद वाचायला तिला मोबाइलचा उजेड पाडून गाल फरशीला लावावा लागला. चारशे पन्नास वॅट. शिवणाच्या डब्यातला टेप काढून तिनं जागा मोजली. एकोणतीस सेंटिमीटर, आणि तुबाचं कार्ड तेवीसचं. स्लॉट होता. सहा छिद्रांचा जोडही सापडला. एका कोपऱ्यात इतर वायरींच्या मागं तो दुमडून, दाबून, सोनेरी तारेनं बांधून ठेवलेला होता. ब्रेडच्या पुड्याचं तोंड बांधायला येते ती तार. ती तार पाहून तिचा हात क्षणभर थबकला होता, पण ते आपलं उगीच. तिचा नवरा संघपाल सगळ्याच वायरी तशा बांधायचा. टीव्हीमागच्या, मिक्सरच्या, इस्त्रीच्या. ब्रेड संपला की तार सरळ करून तो खिशात ठेवायचा. तिनं फोटो काढले, पाठवले, आणि ‘बसते वाटते’ असं लिहिलं. आणि त्यावर तुबाचं हे उत्तर.

फोन वाजला. तुबाच होती. ‘ताई, म्हंजे मी काहून म्हटलं, मागच्या बाजूची पट्टी नाई हाये तिथं. नव्या डब्याले ती पट्टी असतेच, कार्ड बसवताना काढतात. तुमच्या इथं भोक हाये आन् वरून खाकी टेप लावेल हाये. स्लॉटचा खटका पण उघडा हाये. आन् धूळ पाहा, सगळीकडं जुनी जमेल, पण स्लॉटमंधी कमी दिसते. कोणीतरी काढलं ताई कार्ड. रिपेअरले देलं होतं का कुठं? हे दुकानवाले ना, बदमाश असतात.’ पौर्णिमा म्हणाली, ‘देलं असन.’ तिनं तो कुठंही दिला नव्हता. दहा वर्षांत तो या खोलीच्या बाहेर गेला नव्हता आणि त्याला हात लावणारा माणूस एकच होता. ‘चला, मंग तर टेन्शनच नाई,’ तुबा आनंदानं म्हणाली, ‘पयले चालत होतं म्हंजे आताबी चालन. रविवारी या तुमी.’

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. साडेचार वर्षांपूर्वीचा तो दिवस शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. तो जिथं ठेवला होता तिथंच होता. संघपाल त्या दिवशी आपले उरलेले कपडे न्यायला आला होता. त्यांच्यात भांडण कधी झालंच नव्हतं. लोक विचारायचे, काय झालं, आणि तिला सांगता यायचं नाही, कारण सांगण्यासारखं काही झालेलं नव्हतं. त्याच्या आईला, माणिकबाईंना, तेल्हाऱ्याला लकवा मारला तेव्हा त्यानं पॉलिटेक्निकमधल्या लॅबची नोकरी अमरावतीहून अकोल्याला बदलून घेतली. तिथून गाव जवळ. पौर्णिमाचं काम इथं होतं, ती इथं राहिली. आधी तो दर शनिवारी यायचा. मग एकाआड एक. मग माणिकबाई गेल्या, जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, आणि आता तो परत येईल असं तिनं धरलं होतं. तो ‘येतो’ म्हणाला नाही. ती ‘या’ म्हणाली नाही. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिले आणि पाहता पाहता वर्ष सरलं. तो कपडे न्यायला आला त्या दिवशी ती आत तुरीच्या डाळीची आमटी करत होती. बाहेरच्या खोलीतून स्क्रू फिरवल्याचा बारीक करकर आवाज येत होता. त्या आवाजानं तिला किती बरं वाटलं होतं! लग्न झाल्यापासून तो आवाज म्हणजे घर होतं. न सांगता, न बोलता संघपाल काहीतरी दुरुस्त करत बसलेला असायचा, आणि तिला वाटायचं, चला, ठीक चाललंय. ‘काय करून राहिले?’ तिनं आतूनच विचारलं होतं. ‘काई नाई, मागची वायर ढिली होती,’ तो म्हणाला होता. मग जेवला. आमटी दोनदा वाढून घेतली. दारात चप्पल घालताना तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला होता, आणि ती म्हणाली होती, ‘बस निघून जाईन.’

त्यानंतर कॉम्प्युटर हळू झाला. लगेच नव्हे, किंवा लगेचच असेल. तिच्या ते हळूहळू लक्षात आलं. आधी वीस मिनिटांत व्हायचं ते काम तास खाऊ लागलं. तिला वाटलं, मशीन जुनं झालं. मग वाटलं, आपणच. चाळिशी लागली होती. एखादा कट मारायचा तर बोट दाबल्यावर चित्र उशिरा थांबायचं, आणि तिला वाटायचं आपलं बोटच उशिरा दाबलं गेलं. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आली. चष्म्याचा नंबर बदलला. दोन जुन्या स्टुडिओवाल्यांनी काम देणं बंद केलं तेव्हा तिनं त्यांना दोष दिला नाही. हळू बाईला कोण काम देईल? पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची आणि ती समोर बसून राहायची. शेजारच्या पार्बताबाई हाक मारायच्या, ‘वो पौर्णिमा, ये ना गच्चीवर, काय त्या डब्याले पाहात बसते!’ तर ती म्हणायची, ‘काम सुरू हाये मावशी.’ काम कॉम्प्युटर करत असायचा. ती नुसती थांबलेली असायची. आणि थांबायची एवढी सवय झाली की माणसं बोलायला लागली तरी ती आधी थोडं थांबायची, मग उत्तर द्यायची. पार्बताबाईंनीच एकदा विचारलं होतं, ऐकायला कमी येते का तुले? साडेचार वर्षं. आणि तो तिचा थकवा नव्हताच. कुणीतरी तिच्या डब्यातून काहीतरी काढून नेलं होतं आणि भोकावर नीट टेप लावला होता.

हे तिला त्या फरशीवर बसल्या बसल्या कळलं आणि पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. राग नंतर आला. तो आला तेव्हा ती भांडी घासत होती, आणि हातातली पातेली तिनं एवढी घासली की तळाचं कितीतरी दिवसांचं काळं निघून गेलं.

फोन करता आला असता. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला दोघं एकमेकांना जय भीमचा निरोप पाठवत, नंबर होता. पण फोनवर तो ‘हो’ म्हणेल आणि मग दोन्हीकडं नुसती शांतता होईल, हे तिला माहीत होतं. तिला ते त्याच्या तोंडावर पाहायचं होतं. रविवारी तिनं अकोल्याची बस धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूरला बस बराच वेळ थांबली, खिडकीतून वेचणी झालेल्या पऱ्हाटीची शेतं दिसत राहिली. तिच्या मनात वाक्यं तयार होत होती. चोरी केली तुमी. माझ्या हाताखालची चीज नेली. नेता तर सांगून न्या, मी काय नाई म्हटलं असतं? प्रत्येक वाक्य बोरगावपर्यंत चांगलं धारदार राहिलं. तुबाच्या घरी पोहोचेतो त्यांची धार गेली. तुबानं चहा पाजला, कार्ड जुन्या ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवून दिलं, आणि ते कसं धरायचं, सोनेरी दातऱ्यांना बोट कसं लावायचं नाही, हे दोनदा समजावून सांगितलं. ‘भाईले पाठवू का लावून द्याले?’ तिनं विचारलं. पौर्णिमा म्हणाली, ‘नको, मी लावतो.’ आवाज जरा जास्तच चढा निघाला. तुबा हसली, तिला वाटलं गंमत चालली आहे.

संघपालची खोली जठारपेठेत एका घराच्या मागच्या अंगाला होती. पत्ता तिला माहीत होता, आली मात्र पहिल्यांदाच. दार उघडंच होतं. तो खुर्चीवर बसून एक टेबलपंखा खोलून बसला होता, घरमालकाचा असावा. केस पुष्कळ पांढरे झालेले. तिला पाहून तो उठला, त्याच्या मांडीवरचा स्क्रू खाली पडून घरंगळत गेला, आणि तो तो शोधायला वाकला. त्यामुळं पहिलं वाक्य तिला त्याच्या पाठीशी बोलावं लागलं.

‘माह्या पीसीतलं कार्ड तुमी काढलं?’

तो वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला. ‘हो.’

‘काहून?’

‘बस तर खरी. पाणी देतो.’

‘पाणी नको मले. काहून काढलं ते सांगा. तुमाले पाहिजे होतं? लॅबले पाहिजे होतं?’

‘नाई. लॅबले कायले पाहिजे?’ तो कॉटखाली वाकला आणि त्यानं एक खोका ओढून काढला. त्यातून एक करडी चकचकीत पिशवी काढली. पिशवीवर त्याच्या बारीक, सरळ अक्षरात कागद चिकटवलेला होता: पौर्णिमा पीसी. खाली तारीख. त्यानं ती पिशवी टेबलावर, उघड्या पंख्याच्या शेजारी ठेवली. ‘जसं आणलं तसंच हाये. कुठं लावलं नाई.’

‘मंग?’

तो पंख्याची जाळी इकडून तिकडं ठेवत राहिला. पूर्वी अशा वेळी ती उठून जायची, कुकर लावायची, काहीतरी करायची. आज ती उभी राहिली. बाहेर घरमालकाची बाई कुणाला तरी हाक मारत होती.

‘मले वाटलं,’ संघपाल म्हणाला, ‘दोन-चार दिवसांत तू फोन करशीन. पीसी स्लो झाला म्हणशीन. मंग मी येईन. लावून देईन.’

‘आन् मंग?’

‘मंग काय. आलो असतो म्हंजे आलो असतो.’ त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला, पुन्हा ठेवला. ‘मले बोलता नाई येत तसं. तुले माहीत हाये. तू म्हटलं, बस निघून जाईन. मी म्हटलं ठीक हाये. पिशवीत कार्ड होतंच. म्हटलं, करनच फोन. कामाची बाई हाये, मशीनबिगर कशी राहीन?’

‘राहिली.’

‘हो. तू फोनच नाई केला.’ यात तक्रार होती की आश्चर्य, तिला कळलं नाही. ‘एक महिना वाट पाहिली. दोन महिने पाहिली. मंग वाटलं, नवा घेतला असन. मंग विचाराची लाज वाटे.’

पौर्णिमा खुर्चीवर बसली. बसमधली सगळी वाक्यं कुठं गेली होती कोण जाणे. ‘मले वाटलं मीच स्लो झाली,’ ती म्हणाली. ‘डोळ्याच्या डॉक्टरकडं गेली मी. दोन पार्ट्या सुटल्या माह्या. लोकायले वाटलं मले ऐकू नाई येत. चार वर्षं मी सोताले म्हातारी समजली, आन् तुमी इथं कॉटखाली ठेवलं होतं मले.’

हे शेवटचं चुकून बोललं गेलं. तिला कार्ड म्हणायचं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं आणि दोघांनीही दुरुस्त केलं नाही. संघपालचा चेहरा एकदम असा झाला, की वाटावं, हा माणूस आता रडेल. पण तो रडला नाही. माणिकबाई गेल्या तेव्हाही रडला नव्हता; त्या दिवशी त्यानं मांडवाचा लाइट दुरुस्त केला होता.

‘एक विचारू?’ थोड्या वेळानं ती म्हणाली. ‘मी फोन केला असता, तुमी आले असते, कार्ड लावलं असतं. मंग राहिले असते का?’

दुसरा कुणी पटकन ‘हो’ म्हणाला असता. संघपालनं खरोखर विचार केला. टेबलावरच्या पंख्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत, धूळ पुसत, तो विचार करत राहिला. ‘माहीत नाई,’ तो म्हणाला. ‘जेवलो असतो. दुसऱ्या दिवशी लॅब असती.’

तिला हसू आलं. हा खोटं बोलू शकत नाही, आणि न मागता खरंही सांगू शकत नाही. या दोन्हींच्या मध्ये तिची एवढी वर्षं गेली होती. तिनं पाणी मागितलं. त्यानं तांब्या-पेला आणला. ती प्यायली. त्यानं पिशवी तिच्याकडं सरकवली. ‘घेऊन जा. नाईतर मीच येतो, लावून देतो. आता निघालो तं चार वाजता पोचतो.’ त्यानं खुंटीवरच्या शर्टकडं पाहिलंही. समोर तिचा नवरा होता, निघायला तयार, हातात काम असल्यामुळं निघायला तयार. कार्ड लावून होईल, मग काम संपेल, मग तो दारात चप्पल घालेल.

‘मले दुसरं भेटलं,’ ती म्हणाली. ‘तुबाचं. ते नवं हाये याच्याहून. लावता येते मले. फक्त एक सांगा, किती दाबायचं? मोडन असं वाटते.’

त्यानं करड्या पिशवीतून जुनं कार्ड काढलं आणि टेबलाच्या कडेशी उभं धरून दाखवलं. दोन्ही अंगठे इथं. तिरपं नाई, सरळ. भेवाचं नाई. खट्ट आवाज येतपर्यंत दाबाचं. मग स्क्रू, मग सहा छिद्रांची वायर. ती मागं बांधेल हाये. ‘दिसली मले,’ ती म्हणाली. आणि शेवटी मॉनिटरची वायर खालच्या नव्या जागी लावायची, हे लोक विसरतात आणि पडदा काळा राहतो. त्याचा आवाज मोकळा झाला होता. लॅबमधल्या पोरींना तो असाच शिकवत असेल. स्टँडपर्यंत तो तिच्याबरोबर आला. बसची पाटी वाचून ती बरोबर आहे ना हे त्यानं कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरलाही विचारलं.

सोमवारी सकाळी पौर्णिमानं कार्ड लावलं. दोन अंगठे, सरळ. खट्ट आवाज आला तेव्हा ती एकदम दचकली, जणू कशाला तरी दुखवलं. सोनेरी तार सोडवताना ती तुटली. पडदा उजळला. तुबाच्या नव्या कॅमेऱ्यातलं कारंजाचं लग्न उघडलं. नवरीच्या बहिणी ओळीनं जिना उतरत होत्या, आणि त्या उतरल्या, एकही न अडखळता, ओढणीच्या जरीसकट, आवाजाच्या बरोबरीनं. पौर्णिमानं बोट दाबलं. चित्र तिथल्या तिथं थांबलं. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा थांबवलं. बोट तिचं, जिथं ठेवायचं होतं तिथंच पडत होतं. गुरुवारपर्यंत आठवड्याचं काम संपलं. तुबानं टाळ्यांची चित्रं पाठवली आणि आणखी दोन लग्नं. शुक्रवारी दुपारी त्यातलंही एक उरकलं. पार्बताबाई मुलीकडं तिवश्याला गेल्या होत्या. तीन वाजले होते. खोलीत बारीक गुणगुण होती, नव्या कार्डाच्या पंख्याची, आणि करायला काही नव्हतं. पूर्वी वाट पाहायला निदान ती हिरवी पट्टी होती. आता पट्टी धावत जाऊन संपायची आणि दुपार तशीच पुढं पडून राहायची, अख्खी.

संघपालचा निरोप आला नव्हता. येणार नव्हताच, तो वाट पाहत असेल. काहीतरी अडेल, पडदा काळा राहील, ती विचारेल. तिनं मोबाइल हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग नंबर लावला.

पहिल्याच घंटीला त्यानं उचलला. ‘काय झालं? नाई चालून राहिलं?’

‘चालून राहिलं.’

‘पंखा फिरते का कार्डचा?’

‘फिरते.’

‘डबा तापते का?’

तिनं डब्यावर तळहात ठेवला. ‘नाई.’

‘मंग? बिघडलं काय?’

‘काईच नाई बिघडलं,’ पौर्णिमा म्हणाली.

पलीकडं मागं कुठंतरी नळाखाली बादली भरत होती. तिचा आवाज आधी पोकळ, मग भरत भरत जड होत गेला.

‘बरं,’ संघपाल म्हणाला. पण त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. आता विचारायला एकही वायर उरली नव्हती. कुणीतरी नळ बंद केला, आणि मग त्याच्या श्वासाचा आवाज यायला लागला.